तीळ-खोबऱ्याचा वास

कौशीबाई बायांच्या हाताला खाज आणायची नोकरी करते, असं आमच्या गावात सांगत. ती कौशीबाई मी, आणि सांगणाऱ्यांचं फार चुकत नव्हतं. साबण, उटणं, केसांचं तेल बाजारात जाण्याआधी त्यातल्या वासानं कुणाची कातडी बिघडेल का, हे बघायचं काम मी सतरा वर्षं केलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात बिबे फोडायला हात हवे होते.

बिबा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझी खरी शाळा तीच. आरमोरीच्या बाजूच्या जंगलात बिब्याची झाडं आहेत. फळ काळं, टणक. त्याच्या सालीत काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, तोंड सुजतं, डोळे मिटतात. आम्ही म्हणतो, बिबा उतला. आतला गर म्हणजे गोडंबी. तुमच्या दिवाळीच्या लाडवात ती तुम्हाला दिसते, फोडणारीचे हात दिसत नाहीत.

आम्ही हाताला राख आणि तेल चोपडून दगडावर बिबे फोडायचो. उतला तर तीळ आणि खोबरं चावून त्याचा लगदा लावायचा, तोंड बंद ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगडापुढे बसायचं. जिला सारखा उततो ती कच्च्या कातडीची. अशी सून कुणाला नको असे.

माझ्या सासूनं तीस वर्षं बिबे फोडले, तिला कधी फोड आला नाही. मग एका सकाळी तिचं तोंड सुजलं. त्यानंतर घरात बिब्याचं पोतं नुसतं आलं तरी ती परसात जाऊन बसायची. आपल्यावर कुणी काहीतरी केलं असं तिला मरेपर्यंत वाटत होतं. कुणी काही केलं नव्हतं. कातडी सोसते, सोसते आणि एक दिवस ओळखायला लागते. एकदा ओळखलं की विसरत नाही. मोठ्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत म्हणतात. मला ते सासूच्या तोंडावर दिसलं.

बचत गटाच्या बायांनी साबण-तेलाचं केंद्र काढलं तेव्हा तिथे सुनंदा मॅडम आल्या. रसायनशास्त्र शिकलेल्या, नागपूरकडच्या, बोलायला हळू. त्यांनी एक पुस्तक उघडून दाखवलं. हातावर चौकोनी पट्टी लावायची, दोन दिवसांनी काढायची, खालची कातडी लाल झाली का ते बघायचं. चित्रातले हात गुलाबी होते.

मी म्हटलं, "मॅडम, हे हात तुमच्या पुस्तकातले. आमच्या हातावर लाल दिसत नाई. बोटानं पाहावं लागते."

"बोटानं म्हणजे कसं?"

मी त्यांचंच बोट धरून बचत गटातल्या यशोदेच्या कोपरावर फिरवलं. तिला दोन दिवसांपूर्वी काहीतरी चावलं होतं. दिसत काहीच नव्हतं, बोटाला खसखशीसारखे दाणे लागत होते. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि मला कामावर घेतलं.

आता काम काय ते सांगते. डब्यावर 'सुगंध' असा एकच शब्द छापलेला असतो. त्या एका शब्दात वीस-तीस वस्तू असू शकतात. त्यातल्या काही अशा की कातडी त्यांना ओळखायला लागते. वास विकणारा एक कागद देतो, त्यात कोणती वस्तू किती ते लिहिलेलं असतं. मॅडम तो कागद वाचून हिशेब मांडत. वास किती आहे एवढंच बघून भागत नाही. अंगाच्या किती भागावर लागणार, किती वेळ राहणार, कुणाला लागणार, रोज की सणासुदीला, हे सगळं बघावं लागतं. साबण लावून धुऊन टाकतात, म्हणून त्यात थोडा जास्त वास चालतो. तेल डोक्यात मुरतं, दिवसभर राहतं, घामाबरोबर कानामागे उतरतं. साबणाला चालणारा वास तेलाला चालेलच असं नाही. उटणं चेहऱ्यावर जातं आणि चेहऱ्याची कातडी पातळ. हे एवढं कळायला चौथी पुरते.

कागदाचा हिशेब बसला की माझं काम सुरू. केंद्रातल्या दहा बाया ठरलेल्या होत्या, त्यांच्या राजीखुशीनं. हाताच्या आतल्या बाजूला थोडं थोडं लावून वरून पट्टी. दोन दिवसांनी काढायची, बोट फिरवायचं, आणखी दोन दिवसांनी पुन्हा फिरवायचं. जळजळ वेगळी आणि खाज वेगळी, हे नव्या माणसाला शिकवायला मला महिना लागतो. जळजळ लगेच होते, पट्टीच्या काठावर थांबते आणि पट्टी काढली की उतरते. ती वस्तूच्या तिखटपणाची. खाज मागाहून येते, पट्टीच्या बाहेर पसरते आणि पट्टी काढल्यावर वाढते. ती कातडीच्या ओळखीची. पहिलीला माल पातळ करून चालतं. दुसरीला तो वासच बदलावा लागतो.

माझं बोट फिरलं आणि मी सही केली की माल जायचा. सहीला मला वेळ लागतो, पण एकदा केली की वाचता येते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गुरुजी मानेला चट्टे घेऊन आले आणि आमचा साबण टेबलावर आपटला. "तुमच्या साबणानं माझी ही दशा केली, बाई."

मी विचारलं, "साबण फक्त मानेलेच लावता काय, गुरुजी?"

"सगळ्या अंगाले लावतो."

"मंग बाकीचं अंग काऊन चांगलं आहे?"

गुरुजी मान खाजवायला लागले. ते दारात येण्याआधी त्यांचा वास आत आला होता. मी पिशवी उघडायला लावली. आत फवाऱ्याची बाटली निघाली. हनुवटीच्या खाली दोन्ही बाजूंना रोज दोन-दोन वेळा मारायचे. चट्टे नेमके तिथेच. तीन आठवडे बाटली बंद ठेवा म्हटलं. महिन्याभरानं आले, मान साफ. साबण आपटल्याबद्दल काही बोलले नाहीत, पण सहा वड्या घेऊन गेले.

शहरातून एक बाई यायच्या, दुकानासाठी माल न्यायला. प्रत्येक वस्तू उचलून विचारत, "हे अगदी नैसर्गिक आहे ना? जंगलातलं?" एकदा मी कंटाळले. म्हटलं, "बिबाही जंगलातलाच आहे. बांधून देऊ का?" मॅडमनी मला आत बोलावून घेतलं. पण मी बोलले ते खरंच होतं. झाडातून आलेलं ते निरुपद्रवी, हे शहरातल्या लोकांचं मत आहे. जंगलात राहणाऱ्यांचं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

कुरखेड्याच्या पलीकडे एक मुलींची आश्रमशाळा आहे. शाळा उघडल्यावर तिथल्या अधीक्षिकाबाईंनी आमच्याकडून केसांचं तेल मागवलं. पोरींना नुसतं खोबरेल आवडत नाही, वास हवा, म्हणाल्या. मॅडमनी संत्र्याच्या सालीचं तेल घालायचं ठरवलं. नागपूरकडून आणलेला त्याचा डबा केंद्रात होता, मागच्या हिवाळ्यात फोडलेला. कागदाचा हिशेब ठीक बसला. दहा हातांवर पट्ट्या लागल्या.

एवढं लक्षात ठेवा की तेल शंभरावर पोरींच्या डोक्यावर जायचं होतं, दर रविवारी, वर्षभर. त्यात सात-आठ वर्षांच्याही होत्या. त्या वयात कातडीनं एखादी वस्तू ओळखली की पुढची साठ वर्षं ती ओळख बाळगावी लागते. आणि संत्र्याच्या वासाची वस्तू एका तेलात नसते. साबणात असते, भांड्याच्या पावडरीत असते, फरशीच्या औषधात असते. त्या पोरी उद्या कुठे कामाला लागल्या तर हात कशा कशापासून वाचवतील?

दोन दिवसांनी मी पट्ट्या काढल्या. बोट फिरवलं. दहाही हात थंड आणि गुळगुळीत. विचारलं, "खाज आली का वं कोणाले?" दहाही जणी नाही म्हणाल्या. शेवंता या कामात पहिल्या वर्षापासून होती, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिच्या हाताला खोबऱ्याचा वास आला. खोबरेल तेलाची चाचणी आहे, खोबऱ्याचा वास येणार नाही तर काय, असं मी मनात म्हटलं. पण त्या वासात तीळही होता. आमच्या तेलात तीळ नव्हता. नाकाला कळलं होतं, मी नाकाचं ऐकलं नाही. पुढे दोन दिवसांनी पुन्हा हात बघितले, तसेच साफ. सही केली. शुक्रवारी तेल जीपनं शाळेत गेलं.

शनिवारी आमच्याकडे बाजार. मारोतीभाऊंच्या किराण्यात मिरच्या घ्यायला थांबले तर ते म्हणाले, "काऊन बाई, भर पावसाळ्यात बिबे कुठून आणले?"

"कायचे बिबे?"

"मले काऊन लपवता? तुमच्या केंद्रातली शेवंता आली, मागून अजून तिघी आल्या. सगळ्याइले तीळ अन् खोबऱ्याची वाटी पाहिजे. एवढं खोबरं तं मी पोळ्यालेही इकत नाई."

मिरच्या मी तिथेच ठेवल्या.

शेवंता रोवणीला गेली होती. बांधावर उभी राहून हाक मारली. ती धानाच्या चिखलातून आली, कोपरापर्यंत माखलेली.

"हात धू अन् दाखव."

"चिखल आहे, बाई."

"म्हणून तं धू म्हणते."

तिनं पाटाच्या पाण्यात हात धुतला. मी बोट फिरवलं. खसखशीसारखे दाणे, पट्टीच्या जागेवर आणि पट्टीच्या बाहेर चार बोटं. खाजवून खाजवून कातडी खरखरीत झालेली.

"कवापासून?"

"पट्टी लावली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. राहवेना. मंग पट्टी काढली, हात धुतला, तीळ-खोबरं लावलं. तुमी पाहाच्या सकाळी पट्टी पुन्हा चिकटवली. लगद्यानं दाणे बसले, दोन्ही खेपेले तुमी पाहून गेल्या का पुन्हा उठले."

"अन् त्या तिघी?"

"त्याइनंही तसंच केलं. मीच सांगतलं त्याइले."

"मी तोंडानं विचारलं होतं ना वं, खाज आली का म्हणून?"

शेवंता पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली. "हाव, विचारलं. मागच्या साली यशोदेले खाज आली तवा तिनं सांगतलं होतं. तुमी दहा जणींत काय म्हणल्या तिले? कच्च्या कातडीची. यादीतून नाव काढलं. तिची सासू अजून तिले त्याच नावानं हाक मारते. मले नाई ऐकायचं होतं ते."

मी म्हटलं होतं. हसून म्हटलं होतं, आणि बाकीच्या नऊ जणीही हसल्या होत्या. यादीतून नाव काढणं हे तिच्या भल्यासाठी होतं, पण ते मी सांगितलं नाही. शिवी तेवढी दिली. बिब्याच्या घरात जी गोष्ट बायांनी लपवायची असते, ती माझ्यापुढेही लपवायची हे मीच शिकवलं. मग तीच गोष्ट शोधायला बोट फिरवत बसले.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कौशल्याबाई, दहा हात साफ होते ना?"

"चार हात धुतलेले होते, मॅडम. माल थांबवा."

त्यांनी शाळेला फोन लावायला घेतला. तिकडे एका टेकडीवर गेल्याशिवाय फोन लागत नाही आणि पावसात टेकडीवर कोण जातं? शाळेत रविवारी सकाळी न्हाणं आणि तेल. शनिवारची शेवटची बस गेली होती. रविवारची पहिली गाडी मी पकडली. शेवंता फाट्यावर येऊन उभी होती.

"तू कायले?"

"हात दाखवाले. नुसत्या तुमच्या बोलण्यावर शाळेतल्या बाई आयकन का?"

शाळेत पोचलो तेव्हा व्हरांड्यात पोरी एकीच्या मागे एक बसल्या होत्या. मागची पुढचीच्या डोक्याला तेल लावते, अशी लांब रांग. संत्र्याचा वास फाटकापर्यंत येत होता. मी ओरडले, "हात थांबवा!" रांग थांबली. तोवर सात डोकी झाली होती.

अधीक्षिकाबाई धावत आल्या. कडक बाई, पण पोरींची काळजी असणारी. "हे काय आहे? तुमच्याच केंद्राचं तेल आहे. सहीचा कागद आहे माझ्याकडे."

"सही माझीच आहे. म्हणूनच आली."

शेवंतानं न सांगता बाही वर केली. अधीक्षिकाबाईंनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाई, मॅडम. बोट फिरवा," शेवंता म्हणाली.

त्यांनी बोट फिरवलं. मग त्या स्वतः बादली भरायला गेल्या. त्या सात पोरींची डोकी आम्ही तिघींनी बिनवासाच्या साबणानं धुतली, दोन-दोनदा. कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला. एक लहानगी रडायला लागली, वास चांगला होता म्हणून. शेवंता तिला म्हणाली, "चांगलाच होता वं माय, म्हणून तं फसलो." उरलेलं सगळं तेल आम्ही परत घेतलं.

केंद्रात मॅडमनी संत्र्याच्या तेलाचा डबा शोधला. अर्धा रिकामा, खिडकीत, उन्हाळाभर तिथेच राहिलेला. ताजं असतं तेव्हा हे तेल कातडीला तसं सोसतं. झाकण उघडं राहिलं, हवा आणि ऊन लागलं की त्यातली लिमोनीन नावाची वस्तू बदलते आणि बदललेली वस्तू कातडीला लवकर ओळखू येते. कागदावर ताज्या तेलाचा हिशेब होता, डब्यात जुनं तेल होतं. डब्यावर फोडल्याची तारीख कुणी घातली नव्हती. ही चूक मॅडमची, आणि त्यांनी ती माझ्यासारखीच सगळ्यांपुढे सांगितली.

पण गडचिरोलीच्या कातडीच्या डॉक्टरांनी चौघींना तपासून जे सांगितलं ते आम्हा दोघींनाही जड गेलं. ते म्हणाले, एका पट्टीनं दुसऱ्या दिवशी एवढं होत नाही. या बायांची कातडी आधीच शिकलेली आहे. कशानं शिकली? संत्र्याचा वास असलेला साबण आम्ही आधी दोनदा तपासला होता, एकदा उटणंही. त्याच हातांवर. पोरींचे हात वाचावे म्हणून आम्ही शेवंताचे हात शिकवत होतो. सासूच्या तोंडावर जे मी लहान वयात पाहिलं ते माझ्याच पट्टीखाली चाललं होतं आणि मला कळलं नाही.

त्यानंतर रीत बदलली. फोडलेल्या प्रत्येक डब्यावर तारीख. जुनं वासाचं तेल फेकायचं, कितीही जीवावर आलं तरी. तोच तोच वास त्याच हातावर लावायचा नाही. जे कागदावरून कळतं ते हातावर बघायचं नाही. कागदावर थोडीही शंका आली तर वास घालायचाच नाही. मुलांच्या डोक्याला जाणाऱ्या तेलात वास नाही, म्हणजे नाहीच. आणि मी प्रश्न बदलला. 'खाज आली का' हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. 'काल हाताला काय काय लावलं' असं विचारायला लागले. त्याला बाया खरं उत्तर देतात. यशोदेच्या घरी गेले आणि तिच्या सासूपुढे तिला म्हटलं, की खरं बोलणारी तू एकटी होतीस, तुझं ऐकलं असतं तर हे झालं नसतं. सासूनं चहा दिला. हाक मारणं बंद केलं की नाही ते मला ठाऊक नाही.

दहा दिवसांनी मी पुन्हा शाळेत गेले. त्या सात पोरींच्या कानामागे एकेक करून बोट फिरवलं. सातही कान गुळगुळीत. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, तेव्हाही तसेच. माझ्या बोटाला एवढं नक्की कळतं. नव्या, बिनवासाच्या तेलाबद्दल पोरींची तक्रार होती, याला काहीच वास नाही म्हणून. मी म्हटलं, त्याचाच मला पगार मिळतो.

आता मी केंद्रात जात नाही. माझ्या जागी यशोदा आहे. तिचं बोट माझ्यापेक्षा हलकं आहे आणि ती शिव्या देत नाही.

शेवंता हिवाळ्यात दुपारची येऊन ओट्यावर बसते. तिच्या हाताला संत्र्याची साल लागली की आजही दोन दिवसांत दाणे येतात. फोडी चालतात, साल चालत नाही. मी टोपली घेऊन बसते, सोलते आणि फोडी ताटलीत ठेवते. ती कधी सोलून दे म्हणत नाही. एकदा मी विसरले आणि अख्खं संत्रं तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "काऊन बाई, पुन्हा चाचणी घेऊन राह्यल्या का?"

मी ते उचललं आणि सोललं.